चौदा वर्षांचे पाहुणे

गावडे सरांना कुणी पगार विचारला तर ते सांगायचे. आमच्या हुबळीच्या पेठेत ही अगदी जगावेगळी गोष्ट होती. दाजीबानपेठेतला माणूस वय सांगेल, आजार सांगेल, मुलीच्या लग्नात कोण रुसलं होतं तेही सांगेल. पण कमाईचा विषय निघाला की "चाललंय की देवाच्या दयेनं" म्हणून तोंडात पान टाकेल. सरांचं तसं नव्हतं. विचारलं की ते आकडा सांगायचे. तो वर्षातून दहाच महिने मिळतो हे सांगायचे, आणि सध्या तीन महिन्यांचा यायचा राहिलाय, हेही सांगायचे. घड्याळात किती वाजले ते सांगावं, इतक्या साध्या आवाजात.

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते आमच्याच दुकानात.

माझी बारावी झाली होती. आमचं दाजीबानपेठेत ठोक कापडाचं दुकान. पणजोबा मिरजेकडून इकडे आले ते कापडाचे गठ्ठे घेऊन, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येकानं कापडच विकलं. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, म्हणणं, मी बी.कॉम. करावं, म्हणजे लग्न होईपर्यंत दुकानात तरी उपयोग होईल. मला राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करायचं होतं. का, ते मला धड सांगता येत नव्हतं. नुसतीच चौकशी करायला म्हणून मी सरकारी कॉलेजात गेले. तिथं चिंचेखाली प्रत्येक विषयाचं एकेक टेबल मांडलं होतं. कॉमर्सच्या टेबलापुढं रांग होती. राज्यशास्त्राच्या टेबलामागं उंच, किडकिडीत, डोक्यावर केस थोडे आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, असे एक गृहस्थ एकटेच बसले होते.

मी म्हटलं, "सर, तहसीलदार मोठा की आमदार?"

ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "कुठल्या बाबतीत?"

मग अर्धा तास ते माझ्याशी बोलले. शेवटी मी सांगितलं की मला हा विषय घ्यायचा नाहीय, म्हणजे घेता येणार नाहीय. 

"कुणी ठरवलं?" त्यांनी विचारलं. हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. पुढं तीन वर्षांत तो मी किती वेळा ऐकला याला गणती नाही.

"अप्पांनी."

"दुकानात कधी असतात?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सर दुकानात हजर. अप्पांनी पेठेच्या पद्धतीनं कानडीत 'या, बसा' म्हणून स्वागत केलं, "बर्री सर, कूड्री." सर गादीच्या कडेला बसले. गावडे, मूळ अळणावरच्या पलीकडचे, घरी शेती आणि घरची भाषा मराठी, एवढं कळल्यावर अप्पा मोकळे झाले. "मग मराठीतच बोलूया की! सर, राग मानू नका, मी धंद्यातला माणूस. हे राज्यशास्त्र शिकून पुढं काय? नोकरी कुठली, पगार किती?"

सरांनी आधी प्रश्न नीट ऐकून घेतला. ते कधीच झटकन उत्तर द्यायचे नाहीत. 

"शाळेत शिकवायचं तर आणखी बी.एड. करायला पाहिजे," ते म्हणाले. "कॉलेजात शिकवायचं तर एम.ए., त्यावर पात्रता परीक्षा, आणि मग जागा निघायची वाट बघायची. जागा लवकर निघत नाहीत. स्पर्धा परीक्षेला या विषयाचा उपयोग होतो, पण तिथं बसणारे फार आणि निवडले जाणारे थोडे. एखादं वर्तमानपत्र, एखादी संस्था. बाकी, राज्यशास्त्र शिकलेला माणूस पाहिजे अशी जाहिरात मी तरी फारशी बघितलेली नाही."

"आणि तुम्हाला काय मिळतं?"

सरांनी सांगितलं. दहा महिन्यांचं सांगितलं, थकलेल्या तीन महिन्यांचं सांगितलं.

समोर आमचा जुना नोकर बसप्पा परकराचं कापड मोजत होता. त्याचा हात गजावरच थांबला. बसप्पाला आमच्याकडे त्याहून जास्त पगार होता, दिवाळीचं वेगळं. अप्पांनी बसप्पाकडे बघितलं, बसप्पानं छताकडे. मला वाटलं, आता जमिनीनं मला पोटात घ्यावं. अप्पांनी चहा मागवला. काही सुचलं नाही की ते चहा मागवत.

"मग तुम्ही का शिकवता, सर?" अप्पांचा आवाज आता अगदी मऊ झाला होता.

"मला ते येतं म्हणून," सर म्हणाले. चहाचा घोट घेऊन पुढं म्हणाले, "आणि तुमच्या मुलीला प्रश्न पडलेत. पगाराचं मी काही सांगू शकत नाही."

ते गेल्यावर अप्पांनी चहाचे कप स्वतःच उचलून ठेवले. मग म्हणाले, "आपल्या मालातला दोष गिऱ्हाइकाला आधी दाखवणारा माणूस मी आज बघितला. जा, घे तो विषय."

हे सगळं सांगताना सर काय पणाला लावून बसले होते, ते आम्हाला दिवाळीच्या सुमारास कळलं. विषयाला पंधरा मुलं झाली नाहीत तर तो गट बंद करायचा, असं त्या वर्षी प्राचार्यांनी सांगितलं होतं. गट बंद म्हणजे सरांचे तास बंद, आणि तास बंद म्हणजे नोकरीच बंद. ते दुकानात आले तेव्हा तेरा मुलं होती. मी चौदावी. पंधरावी रेणुका, जी शेवटच्या दिवशी, दंड भरून आली.

सर 'अतिथी व्याख्याते' होते. कायमची जागा रिकामी, ती भरेपर्यंत तात्पुरते बोलावलेले. कायमच्या प्राध्यापकांना स्टाफरूममध्ये खुर्ची आणि किल्लीचं कपाट होतं. अतिथींना खिडकीजवळचं लांब बाकडं आणि सही करायला वेगळं रजिस्टर. सरांची पुस्तकं ग्रंथालयातल्या शिपायाच्या टेबलाखाली एका खोक्यात असत. दरवर्षी उन्हाळ्यात त्यांची नेमणूक संपायची आणि कॉलेज उघडलं की पुन्हा अर्ज करायचा. "इतकी वर्षं राहिलेला पाहुणा कुठं बघितलाय का?" ते म्हणायचे. "यजमान जाही म्हणत नाही, राहाही म्हणत नाही."

गावाकडे तर आणखीनच गोंधळ. राज्यशास्त्र म्हणजे राजकारण, अशी सगळ्यांची समजूत. सर सुट्टीला गेले की लोक रेशनकार्डाचे कागद घेऊन दारात यायचे. कुणी विचारायचं, यंदा कोण येणार? सर म्हणायचे, मला माहीत नाही. "मग इतकं शिकून काय केलंस, परशा?" त्यांची आई हे मनापासून विचारायची. आमच्यासमोर तिची नक्कल करताना सर खूप हसायचे. पण एकदा हसता हसता म्हणाले, "तिला सांगता येईल असं उत्तर मी अजून शोधतोय."

शिकवताना ते खुर्चीवर बसत नसत. पहिल्या बाकाच्या टोकाला टेकून उभे राहायचे. नोट्स सांगायचे नाहीत, त्यामुळे काही मुलं वैतागायची. प्रश्न विचारला की ते थांबायचे, आणि इतका वेळ थांबायचे की शेवटी कुणीतरी त्या शांततेला घाबरून उत्तर द्यायचंच.

रेणुका अळणावरच्या बाजूच्या एका खेड्यातली. वडील नव्हते, आई दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायची. ती पहिल्या तासाला रोज उशिरा यायची. एकदा सरांनी कारण विचारलं. ती म्हणाली, "सर, आमच्या फाट्यावर बस थांबत नाही. पुढच्या गावापर्यंत चालत जाते."

"थांबत नाही हे कुणी ठरवलं?"

"ड्रायव्हरनं."

"त्याला कुणी सांगितलं?"

त्या दिवशी ठरलेला धडा बाजूला राहिला. सरांनी आम्हा पंधरा जणांना कामाला लावलं. बस थांबवायचा अधिकार कुणाचा, ते शोधून आणा. एक मुलगा ड्रायव्हरशी बोलला. ड्रायव्हर म्हणाला, कंडक्टरनं घंटी दिली तर थांबतो. कंडक्टर म्हणाला, आमच्या यादीत नाही. मी आणि रेणुका डेपोत गेलो. तिथं सांगितलं, ग्रामपंचायतीचा ठराव आणा. पंचायतीत सांगितलं, ठराव करून काय उपयोग, आमदारांना भेटा. आमदारांच्या माणसानं अर्ज ठेवून घेतला. अडीच महिने हेच चाललं. प्रत्येक आठवड्याला सर फळ्यावर एक नवीन चौकोन काढायचे आणि बाण जोडायचे. शेवटी डेपोतल्या एका म्हाताऱ्या कारकुनानं जुनी फाईल उघडली. तो थांबा पुष्कळ वर्षांपूर्वीच मंजूर झालेला होता! रस्ता रुंद करताना पाटी पडली, ती कुणी पुन्हा लावली नाही, आणि नव्या याद्यांमधून नाव गळून गेलं. थांबू नका असं कधी कुणी ठरवलंच नव्हतं.

आम्ही खूप चिडलो. सर मात्र आनंदानं लाल झाले होते. "आता कळलं का?" ते म्हणत होते. "वर्षभर शिकवून मला हे सांगता आलं नसतं!" पाटी रंगवून घेऊन आम्ही सगळे गेलो. पंचायतीनं खांब दिला. पहिल्या दिवशी बस थांबली तेव्हा रेणुकाची आई खुरपं हातात घेऊन बांधावर उभी होती. ती सरांना म्हणाली, "तुम्ही बसखात्यातले मोठे साहेब काय?" सर म्हणाले, "नाही हो अक्का, मी हिचा मास्तर."

आम्ही बी.ए. होऊन बाहेर पडलो. मी अप्पांच्या हाताखाली दुकानात बसू लागले, आणि माझ्या भावानं, अण्णानं, पुण्यात नोकरी धरल्यावर दुकान माझ्याचकडे आलं. रेणुका पुढं शिकत राहिली. सर तिथंच, खिडकीजवळच्या बाकड्यावर. एका निवडणुकीच्या आधी बेंगळुरूच्या कुठल्याशा सर्वेक्षण कंपनीनं त्यांना बोलावलं. घरोघर जाऊन लोकांचा कल विचारायचा. तीन आठवड्यांत कॉलेजातला अर्ध्या वर्षाचा पगार, आणि काम पटलं तर बेंगळुरूत कायमची नोकरी. सरांच्या पत्नी सुनंदावहिनींनी तर मुलीसाठी तिथल्या शाळांची चौकशीसुद्धा सुरू केली. राज्यशास्त्र शिकलेल्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदाच चांगल्या पैशानं बोलावत होतं.

दहाव्या दिवशी सर परत आले. आमच्या दुकानावरून चालले होते, तर मी हाक मारून बसवलं.

"काढून टाकलं मला," ते म्हणाले. "फार हळू काम करतो म्हणून. एका घराला बारा मिनिटं द्यायची असतात. माझी दिवसाला चारच घरं व्हायची."

मग त्यांनी एका म्हातारीची गोष्ट सांगितली. कुठलं गाव, ते मलाही सांगितलं नाही. यंदा मत कुणाला देणार, असं विचारल्यावर ती लग्न झाल्यापासूनच्या सगळ्या निवडणुका सांगत बसली. सर ऐकत राहिले. तास-दीड तासानं ती हळूच म्हणाली, गेल्या खेपेला आमच्या ह्यांनी सांगितलं त्याला मी मत दिलं नाही. अजून कुणाला सांगितलं नाही, आज तुला सांगते. सरांनी पेन खिशात ठेवलं आणि पाया पडून निघाले. तिच्या नावापुढचे सगळे रकाने कोरे. रकाने कोरे का, असं गटप्रमुखानं, पंचविशीतल्या मुलानं, विचारलं; तिनं विश्वासानं काही सांगितलंय, एवढंच सर म्हणाले. मुलगा म्हणाला, सर, हीच तर आपल्याला पाहिजे ती माहिती! सर त्याला म्हणाले, तिनं ते मला सांगितलं, कंपनीला नाही.

सांगून झाल्यावर ते हसले, पण नेहमीसारखं हसू नव्हतं ते. "वहिनींना काय वाटलं?" मी विचारलं. "काही बोलली नाही," सर म्हणाले. "शाळांची नावं लिहिलेला कागद होता, तो मात्र तिनं अजून फाडलेला नाही."

सुनंदावहिनींबद्दल इथं सांगायलाच हवं. सर धारवाडला केलगेरीत दोन खोल्यांत भाड्यानं राहत. घर चालायचं ते वहिनींच्या कडक भाकऱ्यांवर. पहाटे उठून ज्वारीच्या भाकऱ्या थापायच्या, कडक भाजून त्यांच्या चळती बांधायच्या आणि खाणावळींना द्यायच्या. हाताखाली दोन बायका होत्या. पावसाळा असो की परीक्षा असो, त्यांचा पैसा दर शनिवारी घरात यायचा. नवऱ्याला त्यांनी कधी टोचून बोललेलं मी ऐकलं नाही. पण भोळ्या नव्हत्या त्या.

मग पुष्कळ वर्षांनी सरकारनं कायमच्या जागा भरायला काढल्या. वयाची मर्यादा ओलांडायला सरांना काही महिनेच उरले होते. त्यांच्यासाठी ही शेवटची संधी, आणि एम.ए. करून पात्रता परीक्षा पास झालेल्या रेणुकासाठी पहिली. दर रविवारी केलगेरीच्या घरात ती आणि आणखी चौघं जण अभ्यासाला जमायची. शिकवणार कोण, तर सर. ज्या परीक्षेला आपण स्वतः बसणार, तिचीच तयारी ते प्रतिस्पर्ध्यांकडून करून घेत होते. वहिनी एकदा म्हणाल्या, "जरा स्वतःपुरतं राखून ठेवा की काही." सरांना तो विनोद वाटला.

परीक्षेच्या दिवशी सर आणि रेणुका एकाच केंद्रावर होते. पेपर सुटल्यावर रेणुकानं विचारलं तर सर म्हणाले, "प्रश्न छान होते. पण एका प्रश्नाला चारातले दोन पर्याय बरोबर होते ग. मी विचार करत बसलो." तसे त्यांना बरेच प्रश्न सापडले असावेत, कारण शेवटचं पान कोरंच राहिलं.

रेणुका निवडली गेली. सरांचं नाव थोडक्यात हुकलं.

खरी अडचण पुढं आली. निवडलेल्यांना रिकाम्या जागांतून गाव निवडायचं होतं. रेणुकाच्या क्रमांकाला दोनच जागा उरल्या होत्या. एक रायचूरकडची, आणि दुसरी आमच्या कॉलेजातली. म्हणजे गेली चौदा वर्षं सर जिच्यावर पाहुणे होते, तीच. कायमचा माणूस आला की त्या विषयाच्या अतिथीचे तास संपतात, असा नियम. रेणुका माझ्याकडे आली. "माझ्याबरोबर चल," म्हणाली, "मला एकटीला त्या घरात जायचा धीर होत नाही."

दुपारची वेळ होती. वहिनी आत भाकऱ्या थापत होत्या. सर वर्तमानपत्राची कात्रणं लावत बसले होते. रेणुकानं बसायच्या आधीच सांगून टाकलं, "सर, मी रायचूरकडचं घेते."

"का?"

"इथं आले तर तुमचे तास..."

आतला थापण्याचा आवाज थांबला.

"आईला कोण बघणार?" सरांनी विचारलं. तिची आई दोन वर्षांपूर्वी एका अंगानं लुळी पडली होती.

"मावशी बघेल."

"मावशी तुझी गोव्याला असते." सर बराच वेळ कात्रीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "हुबळी घे."

वहिनी दारात आल्या. हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. "आणि आपलं?" त्या म्हणाल्या.

"सुनंदा, कायमच्या जागा भरा म्हणून मीच दरवर्षी धरणं धरून बसत होतो ना? आता भरतायत."

"तुम्हाला घेऊन भरा म्हणून बसत होतात!" वहिनींचा आवाज चढला. "चौदा वर्षं! दर उन्हाळ्यात अर्ज, दर उन्हाळ्यात वाट. मुलगी दहावीला आली. त्या कंपनीत बारा मिनिटांत उठायला काय झालं होतं तुम्हाला? परीक्षेत कुठलाही एक पर्याय लिहायला काय झालं होतं?"

सर मान खाली घालून ऐकत होते.  रेणुका रडायला लागली. मी भिंतीकडे बघत उभी.  मग वहिनी आत गेल्या आणि ताटात भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. ताट रेणुकापुढं ठेवलं.

"रडू नको. जेव," त्या म्हणाल्या. "आणि हुबळीच घे. माझं भांडण ह्यांच्याशी आहे, तुझ्याशी नाही."

रेणुका रुजू झाली त्या दिवशी सर तिला स्वतः वर्गात घेऊन गेले. मुलांना म्हणाले, "ह्या आजपासून तुमच्या मॅडम." मग तासभर शेवटच्या बाकावर बसले. बाहेर आल्यावर तिला एवढंच म्हणाले, "चांगलं शिकवलंस. फक्त, प्रश्न विचारल्यावर उत्तर तूच देऊन टाकतेस. थांबायला शीक." जाताना तिला मुलांची यादी दिली. कोण कुठल्या गावाहून येतं, कोण उपाशी येतं, कुणाचं लग्न घरी ठरवतायत, सगळं त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं. शिपायाच्या टेबलाखालचं खोकं उचललं आणि रिक्षात ठेवलं. वेगळ्या रजिस्टरात सही करायची राहिली होती, तेवढ्यासाठी परत आले.

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. लॅमिंग्टन रोडवरच्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासनं त्यांना घेतलं. पण तिथं नोट्स सांगाव्या लागत, धडाधड पर्याय सांगावे लागत. दोन महिन्यांत तेही सुटलं. मग सर वहिनींच्या भाकऱ्या स्कूटरवरून पोचवायला लागले. एका खाणावळीत त्यांचा जुना विद्यार्थी जेवत होता. सरांच्या हातातल्या चळती बघून तो ताटावरून उठलाच. "सर, तुम्ही?" सर म्हणाले, "बस बस, जेव. नोकरी बदललीय. मालकीण कडक आहे, पण पगार वेळेवर देते."

हे मला त्या विद्यार्थ्यानंच सांगितलं, आणि सांगताना हसला. मीही हसले. पण थोड्याच दिवसांनी सर मला लॅमिंग्टन रोडवर भेटले. स्कूटर बाजूला लावून ते शाळेत जाणारी मुलं बघत उभे होते. मी कसे आहात विचारलं. पगार सांगावा तसंच त्यांनी सांगितलं, "सकाळचे साडेनऊ झाले की पाय आपोआप चपला शोधतात. मग आठवतं. तेवढी पाच-दहा मिनिटं फार जड जातात, बघ. पुढं दिवस जातो."

रेणुका त्यांना विसरली नव्हती. प्राचार्यांच्या मागं लागून तिनं सरांचं एक भाषण ठेवलं. ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायकांसाठी एक संस्था शिबिरं घेते, त्यांनाही तिनं सरांचं नाव सुचवलं. सरांनी आधी नाही म्हटलं. वहिनींनी विचारलं, "तिथं किती मिनिटांत उठायचं असतं?" सर म्हणाले, "दोन दिवसांचं शिबिर असतं." "मग जा," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यासारख्याला तेच बरं." मानधन दिवसावर मिळतं आणि शिबिरं महिन्यातून दोन-तीनच असतात. बाकीच्या दिवशी स्कूटर आणि भाकऱ्या चालूच आहेत.

गेल्या महिन्यात त्या संस्थेनं आमच्याकडून शाली मागवल्या. शिबिराच्या शेवटी बायकांना द्यायच्या होत्या. गठ्ठा घेऊन मी स्वतःच धारवाडला गेले. हॉलमध्ये पन्नासेक बायका खाली सतरंजीवर बसल्या होत्या. पुढं एक टेबल आणि एकच खुर्ची. सरावासाठी सर पंचायतीचे सेक्रेटरी झाले होते. साठीकडं झुकलेल्या एका बाईला त्यांनी अध्यक्ष केलं होतं. ती लाजून उभीच होती.

"अध्यक्षांनी उभं राहायचं नसतं, अक्का," सर कानडीत म्हणाले. "सेक्रेटरी उभा राहतो. तुम्ही बसा."

ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली. सरांनी तिच्यापुढं एक कागद ठेवला, घाई असल्यासारखं पेन पुढं केलं आणि म्हणाले, "इथं सही करा, लवकर. साहेब थांबलेत."

बाईनं पेन घेतलं. बायका हसल्या. तिनं पेन कागदाजवळ नेलं, मग खाली ठेवलं. पदरानं तोंड पुसलं. कागद उचलून उजेडाकडे धरला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचायला लागली. शाळेत फार गेलेली नसावी. एका शब्दावर बराच वेळ अडली. मागून कुणीतरी तो शब्द सांगायला गेलं, तर सरांनी हात वर करून थांबवलं.

मी शालींचा गठ्ठा दाराशी ठेवला आणि पावतीवर सही घेतली. निघताना वळून बघितलं. बाई तिसऱ्या ओळीवर होती आणि आता खुर्चीत नीट मागं टेकून बसली होती. हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं. टेबलापुढं सर हात जोडून उभे होते.